गावकीला 'नाही' म्हणायचं स्वातंत्र्य आणि गावकीचं न बोलायचं स्वातंत्र्य

चाकरमानी७४ (शनिवार, रात्री ११.४०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, लिहायचा कंटाळा, पण शिमग्याहून परत आल्यापासून डोक्यात एकच विषय फिरतोय म्हणून हा धागा. गाव रत्नागिरी जिल्ह्यात, सत्तर घरांचं, यापुढे तालुका-वाडी विचारू नका प्लीज, दादाला आणखी त्रास नको.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. गावीच असतो, थोडी आंब्याची कलमं आणि एक रिक्षा. दोन वर्षांपूर्वी गावकीने ठरवलं की ग्रामदेवतेचं जुनं कौलारू देऊळ पाडून काँक्रीटचं बांधायचं, घरटी पंधरा हजार वर्गणी. दादा बैठकीत उभा राहून म्हणाला की पाच देतो, जास्त जमणार नाही, आणि खरं सांगू का, मला हे पटतच नाहीये, एवढे सागवानी खांब आहेत, वासे-कौलं बदला की. आता गंमत बघा, नुसतं जमत नाही म्हणाला असता तर हप्ते बांधून दिले असते, आधी दोघा-तिघांना दिलेत तसे. 'पटत नाही' हे नडलं. दंड लावला, वर सहाणेवर (पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर) सगळ्यांसमोर नारळ ठेवून माफी माग म्हणाले. तो नाही म्हणाला. तेव्हापासून गावातलं कोणी त्याच्या रिक्षात बसत नाही, लग्नाची पत्रिका येत नाही, आणि जो त्याच्याशी बोलेल त्याला हजार रुपये दंड.

यंदा शिमग्याला मी मुद्दाम गेलो. पालखी घरोघर फिरत होती, आमच्या खळ्यात वहिनी आरतीचं ताट घेऊन उभी, रांगोळी काढलेली, ढोल अगदी जवळ आला आणि पालखी दारावरून पुढे गेली. थांबलीच नाही. वहिनी ताट घेऊन तशीच उभी होती, निरांजन विझेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी गावकीतल्या एका काकांना गाठलं. माझ्या वडिलांचे दोस्त, माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "अरे आम्ही त्याला मारलं का? पाणी तोडलं का? पैसे न द्यायचं त्याला स्वातंत्र्य आहे ना, मग त्याच्याशी न बोलायचं आम्हाला पण आहे. फिटंफाट."

तिथे मला उत्तर सुचलं नाही आणि डोंबिवलीला येऊन आठवडा झाला तरी नीट सुचत नाहीये. म्हणून इथे विचारतोय. राग बाजूला ठेवून सांगा, काकांचं नक्की चुकतंय कुठे?

तिरकी_रेघ (शनिवार, रात्री ११.५२)

यात विचारायचं काय आहे? पोलीस स्टेशन, एफआयआर, विषय संपला. २०१६ चा कायदा आहे सामाजिक बहिष्काराचा.

चाकरमानी७४ (रविवार, रात्री १२.०५)

कायदा आहे माहितीये हो. काका चूक का, हे मला समजून घ्यायचंय. कलम दाखवून ते गप्प बसतील, पटणार नाही त्यांना.

पुस्तककिडा (रविवार, सकाळी ९.१५)

काकांचा मुद्दा वाटतो तेवढा फालतू नाहीये हो. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये स्वातंत्र्यावर निबंध लिहिला त्यातली एकच गोष्ट सगळ्यांना पाठ असते, की माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध अडवायला एकच कारण चालतं, त्याच्यामुळे दुसऱ्याला इजा होतेय हे. त्याच्याच भल्यासाठी म्हणून अडवणं चालत नाही. पण त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला तो असंही म्हणतो की सरकारी जुलमापेक्षा समाजाचा जुलूम जास्त धोक्याचा, शिक्षा तेवढ्या जहाल नसतात पण सुटायला वाट फार कमी ठेवतो, रोजच्या जगण्यात खोलवर शिरतो. हे वाचताना मला नेहमी आपली भावकी आठवते, मिलने भावकी बघितली नव्हती तरी.

आता गोची. चौथ्या प्रकरणात तो म्हणतो, एखाद्याचं वागणं आवडलं नाही तर त्याची संगत टाळायचा हक्क आपल्याला आहे, इतरांना सावध करायचा पण आहे. म्हणजे काका पास! फक्त मिलने तिथे कंसात एक अट टाकलीय, की टाळावं पण टाळण्याचं प्रदर्शन मांडू नये. तुमच्याकडे तर ढोल लावून त्याची मिरवणूकच काढली.

पण प्रामाणिकपणे सांगतो, मिल इथे पूर्ण पुरत नाही. लंडनमध्ये एका क्लबने टाळलं तर दुसरा क्लब असतो. सत्तर घरांच्या गावात दुसरा गाव कुठून आणायचा?

अवांतर: हा मिल १८२३ ते १८५८ ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता आणि हे स्वातंत्र्याचं तत्त्व मागासलेल्या समाजांना लागू नाही असं त्याच निबंधात लिहून मोकळा झालाय. म्हणजे आपण त्याच्या हिशेबात नव्हतोच. तरी आगरकरांनी त्याला उचलला आणि इथल्याच लोकांना ऐकवला, ते बरं केलं.

वाडीतला (रविवार, सकाळी १०.४०)

सगळे मुंबईत बसून गावकीला शिव्या देणार हे माहीतच होतं. मी गावकीत आहे (दुसऱ्या गावच्या), म्हणून जरा दुसरी बाजू.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या दापोली-मंडणगडच्या पट्ट्यात काय झालं ते ज्यांनी बघितलंय त्यांना विचारा. पत्रे उडाले, माड आडवे, लाईट कित्येक दिवस नाही, मोबाईलला रेंज नाही. सरकारी माणूस यायच्या आधी रस्ता कोणी मोकळा केला? गावकीने. वर्गणी बुडवणाऱ्यांच्या घरावरचं झाड पण आम्हीच उचललं, तेव्हा कोणी वही काढून बघितली नाही. रात्री दोनला कोणाला अॅटॅक आला तर खाट उचलायला चार माणसं लागतात, मयत झाली तर लाकडं गोळा करायला माणसं लागतात. ही माणसं फुकट येत नाहीत, 'मी पण येईन' या भरवशावर येतात. एकाने म्हटलं मला पटत नाही म्हणून देणार नाही, उद्या दुसरा म्हणेल, परवा सगळेच. मग खाटेला खांदा कोण देणार, तुमचा मिल?

पालखी थांबवली नाही हे मात्र चूक. देवीवर कोणाची मालकी नाही. ते मला पण पटलं नाही.

आंबेहळद (रविवार, सकाळी ११.३०)

वाडीतला, तुमचा प्रतिसाद आवडला, खोटं नाही सांगत. पण 'आम्ही' 'आम्ही' चाललंय त्यात एक विचारू का? तुमच्या गावकीच्या बैठकीत बायका किती बसतात? आमच्याकडे शून्य. धाग्यातल्या वहिनी वर्गणीबद्दल बोलल्या नाहीत, बैठकीला नव्हत्या, त्यांना कोणी विचारलंही नसणार, आणि ताट घेऊन खळ्यात उभं राहायची वेळ त्यांच्यावर आली. वाळीत पडायचं ठरवतो पुरुष, टाकायचं ठरवतात पुरुष, आणि हळदीकुंकवाला बोलावणं येत नाही बाईला, विहिरीवर सगळ्या गप्प होतात त्या तिला बघून. 'व्यक्ती विरुद्ध समाज' म्हणताना ती व्यक्ती कोण धरता तुम्ही लोक?

वाडीतला (रविवार, सकाळी ११.४८)

बसत नाहीत. बरोबर आहे तुमचं.

निळं_आभाळ (रविवार, दुपारी १.०५)

गावकीने झाडं उचलली, मान्य. पण गावकी 'सगळ्यांची' कधी होती हे पण बोलू या. आमची वाडी गावात असून गावाच्या कार्यात नव्हती, पालखी आमच्याकडे न येणं ही शिक्षा नव्हती, ती रीत होती.

बहिष्काराचा खरा अर्थ ज्याला कळला होता त्या माणसाचं नाव अजून धाग्यात आलं नाही याचं नवल वाटलं. अस्पृश्य-आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला मुंबई सरकारने नेमलेल्या १९२८ च्या स्टार्ट समितीत बाबासाहेब होते, त्या समितीने लिहिलंय की वरच्या जातीतल्या जमीनदारांच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे बहिष्कार, कारण अस्पृश्य त्यांच्यावर पोटासाठी अवलंबून. एकाने हक्क मागितला की सगळ्या वाडीचं काम बंद, दुकान बंद, गावातली वाट बंद. मारहाण नाही, काही नाही, सगळं 'आमची मर्जी' या नावाखाली. काका म्हणतात तेच, शब्द तेवढे वेगळे. बाबासाहेबांनी याला कायद्याने गुन्हा करा ही मागणी लावून धरली, १९२२ च्या ब्रह्मदेशातल्या बहिष्कारविरोधी कायद्याचा दाखला दिला आणि १९४७ साली घटनेसाठी जो मसुदा तयार केला त्यातही बहिष्काराची व्याख्या करून तो गुन्हा म्हणून घातला. महाराष्ट्राला तो कायदा करायला २०१६ उजाडलं.

आणि ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत ते म्हणाले होते की घटनेच्या मसुद्यात गावाला बाजूला ठेवून व्यक्तीला एकक धरलं याचा मला आनंद आहे. तेव्हा त्यांच्यावर टीका झाली होती. धागाकर्त्यांच्या वहिनींना विचारा त्यांचं काय मत आहे ते.

पेठेतला (रविवार, दुपारी ३.२०)

वामकुक्षी आटोपून आलो, तोवर धागा बराच चढलेला दिसतोय :)

आमच्या पुण्याचं योगदान नको का? १८९० चं पंचहौद मिशनचं चहा प्रकरण. मिशनऱ्यांनी व्याख्यानाला बोलावलं, चहा-बिस्किटं पुढे केली, काहींनी प्यायला, काहींनी नुसता कप हातात घेतला. गोपाळराव जोश्यांनी यादीच छापून आणली. यादीत रानडे, टिळक, सगळी बडी मंडळी. झालं ग्रामण्य (म्हणजे जातीबाहेर टाकायचा वाद) सुरू, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत. म्हणजे बघा, ज्यांना अख्खा देश ओळखणार होता ती माणसं कप-बशीपायी आरोपीच्या पिंजऱ्यात. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं आणि शास्त्राच्या भाषेत भांडत बसले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेऊन टाकलं. सुधारकांनी त्यांना धू धू धुतलं. पण त्यांचं कारण असं होतं की मित्रांच्या घरी अडून बसलंय, त्यांच्या बायका-मुलांचे हाल होतायत, माझ्या अभिमानापायी त्यांनी का सोसावं.

मला तरुणपणी रानड्यांचा राग यायचा. आता येत नाही. दादाने उद्या नारळ ठेवला तर त्याला कोणी भित्रा म्हणू नये एवढंच.

सागरगोटा (रविवार, दुपारी ४.०२)

पेठेतला +१. आणि कोकणातलंच उदाहरण हवं तर धोंडो केशव कर्वे. दापोलीजवळच्या मुरुडचे. गावासाठी मुरुड फंड काढून पैसे जमवणारा माणूस. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केलं आणि त्याच मुरुडने ठराव करून त्यांना वाळीत टाकलं, आई-भावाने थारा दिला तर ते पण वाळीत. हा दुसरा भाग बघा. कर्वे पुण्याला जाऊन काम करू शकत होते, केलं पण, १९५८ ला भारतरत्न वगैरे. पण आईला मुरुडातच राहायचं होतं. बहिष्काराची गंमत (?) हीच की ज्याच्यावर राग आहे त्याला तो लागतोच असं नाही, पण त्याच्यावर माया करणाऱ्याला नक्की लागतो.

तारीख_पे_तारीख (रविवार, संध्याकाळी ६.३०)

कोर्टातून आलो असं म्हणणार होतो पण आज रविवार आहे, सॉरी. वकील आहे, पण इथे लिहितोय तो सल्ला धरू नये.

काकांच्या फिटंफाटचं उत्तर खरं तर गावकीच्याच दंडात आहे. दादाशी काका स्वतःहून बोलत नसतील तर जगातला कुठलाही कायदा त्यांना बोलायला लावू शकत नाही, लावूही नये. पण 'जो बोलेल त्याला हजार रुपये दंड' हे काय आहे? इथे गावकी दादाचं नाही, बाकीच्या एकोणसत्तर घरांचं स्वातंत्र्य खातेय. शेजारच्या ज्या माणसाला दादाशी बोलायचंय त्याचं तोंड पैशाने बांधलंय. स्वतः न बोलणं ही मर्जी झाली. दुसऱ्याला बोलू न देणं याला मर्जी कशी म्हणणार, ती सत्ता झाली. आणि ही सत्ता गावकीला कोणी दिली तर कोणीच नाही.

कायदा पण साधारण तिथेच बोट ठेवतो. २०१६ चा अधिनियम, जुलै २०१७ पासून लागू, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. एकट्यादुकट्याच्या अबोल्यासाठी तो नाहीच, बहिष्कार लादण्यासाठी आहे, त्यासाठी जमणं, ठरवणं, दडपण आणणं. एक पाचर मात्र आहे. त्यात 'समाज' म्हणजे जन्माने, धर्माने, जातीने जोडलेला गट अशी भाषा आहे, त्यामुळे गावकीत चार जाती असल्या की समोरचा वकील तिथूनच सुरू करतो.

आणि हा प्रश्न वर पण सुटलेला नाहीये. मुंबई राज्याने १९४९ मध्येच बहिष्कृत करण्यावर बंदी आणली होती. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनी आव्हान दिलं, १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असा तो कायदा रद्द केला, की कोण आपल्यात आणि कोण नाही हे ठरवणं हा धर्मसंप्रदायाचा हक्क. विरोधात होते ते एकटे सरन्यायाधीश सिन्हा. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांनी ते प्रकरण नऊ जणांच्या पीठाकडे पाठवलंय. म्हणजे काकांचा प्रश्न देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टात पेंडिंग आहे, त्यांना सांगा, खूश होतील.

वाडीतला (रविवार, संध्याकाळी ७.१०)

'एकोणसत्तर घरांचं स्वातंत्र्य' हा मुद्दा लागला. खरंय. आमच्याकडे पण एकदा असा दंड ठेवला होता, आणि ठेवावा लागला कारण नाहीतर लोक बोलले असते. असा विचार केला नव्हता कधी.

ऱ्हाइनकाठी (रविवार, रात्री ८.४५)

जर्मनीतून. इथली एक गोष्ट सांगते, बघा जुळते का. इथे चर्चची वर्गणी सरकार पगारातून कापतं, चक्क, आयकराच्या आठ किंवा नऊ टक्के, राज्याप्रमाणे. नको असेल तर सरकारी कचेरीत जाऊन थोडी फी भरायची आणि चर्च सोडल्याचा कागद घ्यायचा. ऑफिसातल्या माझ्या मैत्रिणीने घेतला. चर्चने पण सांगितलंय की मग तुला चर्चमधलं लग्न नाही, संस्कार नाहीत. तिला ते मान्य. पण पाववाला तिला पाव देतो, शेजारीण कुत्रा सांभाळायला देते, गावच्या गाण्याच्या ग्रुपमध्ये ती आहे. म्हणजे देवळातून बाहेर पडलं की गावातून बाहेर पडावं लागत नाही. आपल्याकडे देऊळ, पाणवठा, स्मशान, लग्न, रिक्षा सगळ्याची एकच चावी आणि ती एकाच जुडग्यात.

इथे सगळं छान आहे असं नाही हं. मी इथे आठ वर्षं आहे, मला कोणी वाळीत टाकलेलं नाही आणि आजारी पडले तर सूप आणून देईल असं पण कोणी नाही. वाडीतला यांची खाट आठवली त्यावरून.

ढेकूण_मारू_नका (रविवार, रात्री ९.२०)

आमच्या सोसायटीत मी गणपतीच्या डीजेला विरोध केला तर मला व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढलं. पहिले दोन दिवस वाईट वाटलं, आता इतकं शांत वाटतं की कुणी परत घेतलं तर मीच २०१६ च्या कायद्याखाली तक्रार करीन.

आंबेहळद (रविवार, रात्री ९.३१)

हाहा. पण पाणी कधी येणार हे त्याच ग्रुपवर येतं ना? मग हसू नका.

ढेकूण_मारू_नका (रविवार, रात्री ९.३३)

बायको आहे ग्रुपवर. फुटली आमची एकी.

तिरकी_रेघ (रविवार, रात्री १०.००)

एवढी चर्चा झाली, तरी माझं म्हणणं तेच. केस टाका. कर्वे-रानडे सगळे सोसत बसले कारण तेव्हा कायदा नव्हता. आता आहे तर वापरायचा नाही आणि तत्त्वज्ञान करायचं याला अर्थ नाही. भीती एकदा बसली की पुढच्या वेळी गावकी दहा वेळा विचार करेल.

चाकरमानी७४ (सोमवार, रात्री १०.५०)

सगळ्यांचे आभार, एवढं सिरियसली घ्याल वाटलं नव्हतं. काल रात्री दादाला फोन केला, स्पीकरवर वहिनी पण होती (आंबेहळद, तुमचं वाचून मुद्दाम तिला घे म्हटलं). वकील साहेबांचं वाचून दाखवलं. एकोणसत्तर घरांचं ऐकून दादा जरा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, केस टाकली तर मी जिंकेन पण बहुतेक. पण पुढच्या शिमग्याला पोलिसांच्या गाडीमागून आलेली पालखी मला नको.

वहिनी मध्येच म्हणाली, मला चालेल.

यावर दोघांचं तिथेच जुंपलं आणि मी पंधरा मिनिटं नुसता ऐकत होतो. ठरलं काहीच नाही. तिरकी_रेघ, तुमचं मत वहिनीला कळवलंय, तुम्ही तिच्या पार्टीत.

एक गोष्ट मात्र नवीन कळली. दादाची रिक्षा बंद नाहीये. लोक गावातून बसत नाहीत, फाट्यापर्यंत दीड किलोमीटर चालत जातात, आणि तिथे वडाखाली दादा उभा असतो. येताना पण तिथेच उतरतात, पिशव्या घेऊन चालत गावात. सकाळच्या एसटीच्या टायमाला तर रांग असते म्हणे. काकांची सून सातव्या महिन्यात आहे, ती पण दर पंधरा दिवसांनी तपासणीला दादाच्याच रिक्षातून जाते.

वाडीतला (सोमवार, रात्री ११.०४)

सातव्या महिन्यात दीड किलोमीटर चालत?? त्या काकांना सांगा कोणीतरी.

चाकरमानी७४ (सोमवार, रात्री ११.१०)

काकांना माहितीये. फाट्यापर्यंत ते स्वतः सोडायला येतात, छत्री घेऊन. रिक्षा सुरू होईपर्यंत पाठ करून उभे राहतात.

पेठेतला (सोमवार, रात्री ११.१२)

भाडं कोण देतं?

चाकरमानी७४ (सोमवार, रात्री ११.२०)

सून देते. पन्नासची नोट, भाडं तीस. दादा वीस परत करतो तर ती म्हणते, असू दे, बाबांनी सांगितलंय.